माथेरानची झुकझुक गाडी ज्यांच्या पैशांवर उभी राहिली, ते सर आदमजी पीरभॉय कोण होते?

पनवेलकरांसाठी माथेरान म्हणजे तसं घरचंच प्रकरण. पनवेलहून पूर्वेकडं पाहिलं की आधी प्रबळगड आणि त्याच्या मागं माथेरानचं लांबच लांब पठार. माथेरानच्या एका कड्याचं नावच पनवेल पॉइंट आहे. पनवेल तालुक्यातल्या धोदाणी गावातून तर सनसेट पॉइंटची वाट थेट वर चढते.

पण रविवारची सुट्टी गाठून पोराबाळांना माथेरानच्या छोट्या गाडीत बसवायचं म्हटलं, तर पनवेलकराला अख्ख्या डोंगराला वळसा घालून नेरळ गाठावं लागतं. म्हणजे चौक, कर्जत, मग भिवपुरी आणि मग नेरळ. नाहीतर लोकलनं ठाणे-कल्याण करत उलटं यायचं. पनवेल-कर्जत लोकलची नवी मार्गिका झाली की हा फेरा कमी होईल, पण गाडीचा पायथा नेरळलाच राहणार.

असं का? डोंगराच्या पनवेलकडच्या बाजूनं ही गाडी का निघाली नाही? आणि मुळात डोंगरावर रेल्वे नेण्याचा हा उद्योग केला कोणी?

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, इंग्रजांनी. ते चूक आहे. दार्जिलिंगची गाडी इंग्रजांच्या कंपनीनं केली, सिमल्याचीही त्यांनीच. माथेरानची मात्र मुंबईतल्या एका भारतीय कुटुंबानं स्वतःच्या खिशातून केली. त्या कुटुंबाचे प्रमुख होते सर आदमजी पीरभॉय.

आधी पहिल्या प्रश्नाचं बघू, कारण त्यात पनवेलचा जुना मान दडलेला आहे.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावात मुक्कामाला होते. तिथून ते वन ट्री हिलच्या बाजूनं वर चढले, पठार पाहिलं आणि रामबागच्या वाटेनं खाली उतरले. साहेबानं माथेरान शोधलं असं पुस्तकात लिहिलं जातं ते हेच. डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं, ही गोष्ट वेगळी. चौक हे पनवेल-खोपोली रस्त्यावरचं गाव. त्या काळात मुंबईहून पुण्याकडं निघालेला माणूस होडीनं पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि पुढं बोरघाटाचा रस्ता धरायचा. म्हणजे माथेरानला जायचा सोयीचा मार्ग सुरुवातीला पनवेल बंदरातूनच जात होता.

मग १८५६ मध्ये जी.आय.पी. रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि ती आली कल्याण, नेरळ, कर्जत अशी डोंगराच्या पलीकडच्या अंगानं. मुंबईचे लोक नेरळला उतरू लागले. पनवेलची होडी मागं पडली. पनवेलला स्वतःचं रेल्वे स्टेशन मिळायला त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं जावी लागली.

नेरळला गाडीनं पोचणं सोपं झालं, पण त्याच्या पुढं सगळी बोंब होती. वर जायला घोडा, पालखी, डोली, माणसानं ओढायची रिक्षा, नाहीतर स्वतःचे पाय. इंग्रज अधिकारी आणि मुंबईचे शेटजी पालखीत बसायचे आणि घाम गाळायचे भोई. अर्धं शतक असंच चाललं.

आणि याच अर्ध्या शतकात मुंबईत एक पोरगा रस्त्यावरून थेट शेटजींच्या रांगेत जाऊन बसला.

आदमजी पीरभॉय यांचा जन्म १८४० च्या दशकाच्या मध्यावर काठियावाडातल्या एका गरीब दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. पोट भरायला कुटुंब मुंबईत आलं. आदमजी लहानपणी रस्त्यावर फिरून काड्यापेट्या विकायचे, असं सांगतात. मोठ्या झालेल्या प्रत्येक शेटजीच्या चरित्रात अशी एखादी काड्यापेटी असतेच, त्यामुळं वाचणाऱ्याला शंका येणं साहजिक आहे. पण घरची गरिबी आणि फारसं शिक्षण नसणं याबद्दल वाद नाही.

काळ मात्र अफाट होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशांचा पूर आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि तोच पूर ओसरला, तेव्हा मोठमोठे लोक रस्त्यावर आले. सट्ट्यात पैसा लावणारे बुडाले. आदमजींनी मात्र असं गिऱ्हाईक धरलं जे बुडणार नव्हतं. ते गिऱ्हाईक म्हणजे इंग्रजांची फौज.

फौज कुठंही गेली तरी तिला तंबू लागतात. आदमजींनी तंबू पुरवायचं कंत्राट घेतलं. कापड, दोर, शिलाई, बांबू, खुंट्या अशा शंभर गोष्टी वेळेत जमवायच्या आणि एकाच मापाचे हजारो नग तयार करायचे. एकदा लष्कराच्या कोठीवाल्याचा विश्वास बसला की पुढची ऑर्डर आपोआप येते. तंबूपाठोपाठ बूट आले, पट्टे आले, खोगीर आलं.

यातूनच धारावीचा चामड्याचा कारखाना उभा राहिला. आज धारावी म्हटलं की चामड्याच्या बॅगा, पर्स, जॅकेट हे सगळं आठवतं. त्या धंद्याची मुळं शोधत गेलं की १८८७ साल आणि तिथं उभी राहिलेली मोठी टॅनरी येते. ही टॅनरी आदमजींची. तेव्हाची धारावी म्हणजे शहराबाहेरची खाडी, दलदल आणि कोळ्यांची वस्ती. कातडं कमावण्याच्या कामाला भरपूर पाणी लागतं आणि त्याचा वास कुणाला नको असतो, म्हणून असले कारखाने गावाबाहेर जात. टॅनरीच्या आसपास कामगार आले आणि वस्ती वाढली. कापड गिरण्यांतही आदमजींनी पैसा घातला. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत सर्वाधिक माणसांना कामाला लावणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जायचं.

पैसा आला तसा तो बाहेरही पडू लागला. चर्नी रोड स्टेशनसमोर त्यांनी सॅनिटोरियम बांधलं. बाहेरगावाहून उपचारासाठी मुंबईत येणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना राहायला जागा मिळणं हा आजही रडवणारा प्रश्न आहे, टाटा हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ पाहिला की कळतं. आदमजींना तो तेव्हा कळला होता. आज त्याच जागी सैफी हॉस्पिटलची मोठी इमारत आहे. दुष्काळात त्यांनी अन्नछत्रं चालवली, हज यात्रेकरूंना मदत केली, अलीगढच्या कॉलेजात विज्ञान शिकवायची सोय व्हावी म्हणून घसघशीत देणगी दिली. कॉलेजचं तोंड न पाहिलेला माणूस विज्ञानासाठी पैसे देतो, हे त्यांच्या दानधर्मातलं सगळ्यात वेगळं काम म्हणावं लागेल.

१८९७ मध्ये सरकारनं त्यांना मुंबईचं शेरीफ म्हणजे नगरपाल केलं. मानाचं पद, अधिकार शून्य. पण ते वर्ष साधं नव्हतं. मांडवीत सुरू झालेली प्लेगची साथ मुंबईभर पसरली होती आणि लोक शहर सोडून पळत होते.

अशा वेळी ज्याला परवडेल तो मुंबईकर डोंगरावरच्या हवेकडं बघणारच.

इथून गोष्ट मुलाकडं जाते. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन. माथेरान हे पीरभॉय कुटुंबाचं आवडतं ठिकाण. नेरळहून वर जाताना होणारे हाल बघून घरात रेल्वेचा विषय निघाला, असं सांगितलं जातं. नेमकं कोण वैतागलं, बाप की मुलगा, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. पण काम वाटलं गेलं ते स्पष्ट आहे. मुलानं नेरळला ठाण मांडून गाडी बांधायची आणि बापानं पैसे द्यायचे. खर्च आला सोळा लाख रुपये.

१९०४ ते १९०७ या काळातले सोळा लाख! नुसत्या आकड्यावरून अंदाज येणार नाही, त्यामुळं त्या पैशात काय करायचं होतं ते पाहू.

नेरळ समुद्रसपाटीपासून साधारण ४० मीटरवर आणि माथेरान साधारण ८०० मीटरवर. म्हणजे सरळ ७६० मीटर वर चढायचं. साध्या रेल्वेचं गुळगुळीत पोलादी चाक गुळगुळीत पोलादी रुळावर फिरतं, त्यामुळं तिला चढाचं वावडं असतं. चढ जास्त झाला की चाक जागच्या जागी गरगरतं. माथेरानसाठी जास्तीत जास्त चढ धरला गेला वीसास एक, म्हणजे २० मीटर पुढं गेल्यावर १ मीटर वर. हाही रेल्वेच्या मानानं फार कडक चढ झाला. या हिशेबानं ७६० मीटर चढायला कमीत कमी १५ किलोमीटर रूळ हवेत. वळणांवर आणि स्टेशनांत चढ कमी ठेवावा लागतो, ते धरून मार्ग झाला २० किलोमीटरच्या वर. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा गाडीरस्ता याच्या निम्मासुद्धा नाही. म्हणूनच ही गाडी डोंगराला एवढे वेढे घालते. खिडकीतून खाली पाहिलं की मघाशी गेलेले रूळ दिसतात, ते यामुळं.

मग वळणांचा प्रश्न. कडा कापून जागा मिळणार किती? रुंद रूळ असतील तर वळणही ऐसपैस लागतं. म्हणून इथं फक्त दोन फुटी नॅरोगेज घेतलं गेलं. या कामात सल्लागार म्हणून एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांचं नाव सांगितलं जातं. बार्शी लाइट रेल्वे उभी केली ते हेच कॅल्थ्रॉप. पुढं या गृहस्थांनी विमानातून उडी मारायचं पॅराशूटही तयार केलं, पण तो वेगळ्याच लेखाचा विषय.

इंजिनं आली जर्मनीहून, ओरेन्स्टाइन आणि कोपेल या कंपनीची. चार इंजिनं, प्रत्येकाला सहा चाकं. आता सहा चाकांचं इंजिन एवढ्या आखूड वळणावर घातलं तर ते रुळावरून उतरायचीच भीती. त्यावर उत्तर होतं क्लीन-लिंडनर पद्धतीचा आस. यात पुढचा आणि मागचा आस पोकळ असतो आणि वळण आलं की तो आतल्या आत थोडा सरकतो. बाहेरून इंजिन ताठ दिसतं, आतून चाकं वळणाप्रमाणं अंग चोरतात. रेल्वेवेड्या लोकांना माथेरानच्या या इंजिनांचं कौतुक आहे ते याच कारणासाठी.

त्या काळी डोंगरात यंत्रं नेणं शक्य नव्हतं. सुरुंग लावून कडा फोडायचा आणि दगड माणसांनी हातानं उचलायचा. कोकणातल्या पावसात उन्हाळ्यातलं अर्धं काम वाहून जाणार हेही धरूनच चालायचं. हे सगळं हातानं करणाऱ्या मजुरांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

मार्च १९०७ मध्ये गाडी धावली. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि माथेरान. मध्ये एक छोटासा बोगदा. त्याचं नाव वन किस टनेल, कारण अंधार संपायच्या आत तेवढंच उरकतं.

१९०७ हे वर्ष आदमजींच्या आयुष्यात सगळंच घेऊन आलं. गाडी सुरू झाली. त्याच वर्षी सर हा किताब मिळाला. आणि वर्षाच्या शेवटी कराचीत अखिल भारतीय मुस्लीम लीगचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष आदमजी होते. लीगची स्थापना वर्षभर आधी ढाक्याला झाली होती. तेव्हाची लीग म्हणजे जमीनदार, वकील आणि व्यापाऱ्यांची सरकारकडं अर्ज-विनंत्या करणारी सभा. चाळीस वर्षांनंतरची फाळणी त्या सभेतल्या कुणाच्या स्वप्नातही नव्हती. इतिहासाच्या पुस्तकात आदमजींचं नाव येतं ते बहुतेकदा याच एका ओळीपुरतं. माथेरानची गाडी त्या ओळीत नसते.

ऑगस्ट १९१३ मध्ये आदमजी गेले.

त्यानंतर या घराण्याची चढती कमान टिकली नाही. फौजेच्या ऑर्डरवर उभा राहिलेला धंदा आणि तो चालवणारा म्हातारा, दोन्ही एकदम बदलले. मुलं आणि दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख यांच्यात मतभेद झाले आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. मुद्दा होता मुंबईतल्या एका दर्ग्यातल्या दानपेटीचा. तिथं जमणाऱ्या पैशांचा हिशेब द्यायला धर्मप्रमुख बांधील आहेत की नाहीत? चांदाभाई गल्ला केस म्हणून हा खटला ओळखला जातो. १९१७ ला सुरू झालेल्या या खटल्याचा निकाल १९२१ ला लागला. तो पैसा सार्वजनिक धर्मादाय आहे आणि सांभाळणारे त्याचे विश्वस्त आहेत, असं न्यायमूर्ती मार्टेन यांनी ठरवलं. ट्रस्टच्या कायद्यावर बोलताना वकील आजही हा निकाल काढतात. पण खटला जिंकला तरी समाजात पडलेली फूट भरून आली नाही.

गाडीचं काय झालं? स्वातंत्र्यानंतर ती सरकारी रेल्वेत गेली आणि आज मध्य रेल्वेकडं आहे. १९५० च्या दशकात जर्मनीच्याच युंग कंपनीची डिझेल इंजिनं आली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची इंजिनं थांबली. चारपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं, एक इंग्लंडमधल्या रेल्वेप्रेमींनी नेलं. माथेरान स्टेशनाजवळ उभं असलेलं इंजिन बघून पोरं त्यावर चढायचा हट्ट धरतात, ते या चारांपैकीच. नेरळला '७९४ बी' हे इंजिन दिसलं तर ते इथलं समजू नका, ते दार्जिलिंगहून आलेलं आहे.

त्यामुळं वाफेची गाडी बघायला म्हणून जाणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवूनच जावं, की रोज धावते ती डिझेलवर. वाफेच्या इंजिनासारखा साज चढवलेलं डिझेल इंजिनही आहे, त्याला फसायला होतं. रूळ, वळणं आणि मार्ग मात्र पीरभॉयांचेच.

ही गाडी किती वेळा बंद पडली आणि किती वेळा उठली याला गणती नाही. २६ जुलै २००५ च्या पावसानं रूळ वाहून गेले. ती परत धावली मार्च २००७ मध्ये, बरोबर शंभर वर्षं पूर्ण होताना. मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ डबे घसरले आणि गाडी थांबली. तोपर्यंत डब्यांवर बसलेले ब्रेकवाले हातानं ब्रेक आवळायचे. त्यानंतर एअर ब्रेक आले. २०१९ च्या पावसानं पुन्हा मार्ग उखडला आणि पूर्ण मार्गावर गाडी धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. दरवेळी ही गाडी तोट्यात आहे, कायमची बंद करा अशी कुजबुज होते आणि दरवेळी माथेरानचे लोक पेटून उठतात. कारण दस्तुरीच्या पुढं मोटारींना बंदी आहे. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते तेव्हाही अमन लॉज ते माथेरान शटल चालू ठेवावी लागते. गावातल्या आजारी माणसाला, शाळेतल्या पोराला, सिलिंडरला, भाजीला खालून वर आणायचं कसं, हा प्रश्न १९०७ इतकाच आजही खरा आहे. माणसानं ओढायच्या रिक्षा बंद करा, असं सुप्रीम कोर्टाला २०२५ मध्ये सांगावं लागलं, यावरून काय ते समजा.

जाता जाता एक घोळ सोडवायला हवा. सोशल मीडियावर माथेरानच्या गाडीची पोस्ट फिरते तेव्हा कित्येकदा फोटो आणि माहिती सर आदमजी हाजी दाऊद यांची लावलेली असते. ते वेगळे. तेही काठियावाडचे, तेही सर, पण ते मेमन, जन्म १८८० चा, धंदा तागाचा, आणि त्यांचं घराणं पुढं पाकिस्तानात गेलं. दुसरा घोळ बाप-लेकाचा. कुणी म्हणतं गाडी अब्दुल हुसेननी बांधली, कुणी म्हणतं सर आदमजींनी. दोन्ही बरोबर. उन्हात उभा राहिला तो मुलगा, चेक फाडला तो बापानं.

नेरळहून वर जायला साधारण अडीच-पावणेतीन तास लागतात. फेऱ्या मोजक्याच असतात आणि तिकिटाची रांग सकाळी लवकर लागते. पनवेलहून निघणार असाल तर उजाडायच्या आत निघा. वाटेत चौक लागेल.